संकासूर मेलो, आता झोप

पाणंद

जत्रांचे दिवस जवळ आले की मुंबईत बसून दुसरं काही सुचत नाही, म्हणून हा धागा.

आमचं गाव वेंगुर्ल्याच्या अलीकडे. जत्रेच्या रात्री आजी देवळासमोर गोणपाट अंथरून आम्हा चार नातवंडांना घेऊन बसायची. पालखी फिरून आली की दशावताराचं आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग, सुरू. गणपती येऊन जायचा, रिद्धी-सिद्धी, भटजी, मोर घेऊन शारदा, ब्रह्मदेव. आमचं यातल्या कुणाकडेच लक्ष नसायचं. आमचे डोळे रंगपटाच्या पडद्याला चिकटलेले, कारण तिथून 'तो' येणार. काळा झगा, तोंडावरून काळं फडकं, त्यावर पांढऱ्या रंगाने काढलेले डोळे आणि हनुवटीखाली लोंबणारी लाल जीभ. संकासूर. धाकट्या भावाने एकदा त्याला बघून आजीचं लुगडं चावून फाडलं होतं, हे आमच्या घरात अजून सांगतात.

तो वेद चोरायचा, ब्रह्मदेवाची टर उडवायचा, सरपंचापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना मालवणीत सोलून काढायचा. मग विष्णू यायचा, दोन गिरक्या, मृदंगाचा कडकडाट, आणि संकासूर आडवा. आजी पाठीवर थाप मारायची, "संकासूर मेलो, आता झोप."

आम्ही झोपायचो. जाग यायची ती थेट पहाटे, दहीकाल्याच्या गलबल्याने. कितीतरी वर्षं माझी समजूत होती की दशावतार म्हणजे एवढाच, पुढे मोठी माणसं नुसती गप्पा मारत बसतात.

पाचवीत असताना एका वर्षी झोप आली नाही. खाजं जास्त झालं होतं बहुतेक. संकासूर मेला, आजीने थापटलं, मी डोळे किलकिले ठेवून पडून राहिलो. आणि मग जालंधर आला, त्या रात्रीच्या आख्यानातला राक्षसराजा. त्याच्या तोंडावर फडकं नव्हतं, जीभ नव्हती. डोक्यावर किरीट, गळ्यात माळा, राजासारखाच राजा. देवळातल्या त्या लाकडी बाकावर एक पाय ठेवून त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि शाळेतल्या पुस्तकासारख्या शुद्ध मराठीत सावकाश बोलायला लागला. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. संकासूर कितीही काळा असला तरी आमच्यासारखाच बोलायचा. हा आमच्यासारखा बोलत नव्हता, आणि हा पहाटेपर्यंत मरणार नव्हता.

तर विषय हा. ज्याला आपण मुख्य शत्रू समजून धसका घेतो आणि जो सुरुवातीलाच उडवला जातो, असे खलनायक. पुराणं, इतिहास, नाटक, काहीही चालेल. माझं म्हणणं असं, की लवकर मरणारा खलनायक हा पुढच्याचा पत्ता लिहून ठेवणारा असतो. तो मेल्यामुळेच मोठा येतो. पटतंय का बघा.

चुलीवरची_पेज

लुगडं चावल्याचं वाचून हसून हसून मेले. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

अबोली

पाणंद, पटतंय. सगळ्यात चोख उदाहरण कंसाचं. आपण गोकुळाष्टमीला कंस कंस करत मोठे झालो. आठव्या मुलाची आकाशवाणी, तुरुंग, पूतना, सगळी कथा त्याच्या भीतीवर उभी. पण भागवताच्या दशम स्कंधात अध्याय आहेत 90, आणि कंस मरतो 44 व्या अध्यायात. निम्मासुद्धा स्कंध झालेला नसतो.

आणि पुढचा पत्ता अगदी शब्दशः लिहिलेला आहे. कंसाच्या दोन बायका, अस्ती आणि प्राप्ती. विधवा झाल्यावर त्या माहेरी जातात. माहेर कुणाचं? जरासंधाचं. सासरा 23 अक्षौहिणी सैन्य घेऊन मथुरेवर येतो, एकदा नाही, सतरा वेळा. अठराव्या वेळी कालयवनही येऊन ठेपतो आणि कृष्णाला मथुरा सोडून समुद्रात द्वारका वसवावी लागते. म्हणजे कंसाने जे जिवंतपणी साधलं नाही ते मेल्यावर साधलं, कृष्णाला मथुरेतून बाहेर काढलं.

दुसरं सप्तशतीचं. आमच्याकडे नवरात्रात नऊ दिवस पाठ असतो. देवीची कुठलीही तसबीर घ्या, पायाखाली महिषासुरच. नावच महिषासुरमर्दिनी. पण तेरा अध्यायांपैकी तिसऱ्यात तो संपतो. पाचव्यापासून शुंभ-निशुंभ सुरू होतात आणि त्यांना दहाव्यापर्यंत पुरवलंय. मधल्या धूम्रलोचनाची तर मला दर वर्षी कीव येते. साठ हजारांचं सैन्य घेऊन, "केस धरून ओढत आणतो" अशी बढाई मारत येतो, आणि देवी नुसता हुंकार देते. राख. वाचणारीने श्वास घेण्याआधीच गडी गेलेला असतो.

पहिला_बॉस

गेम खेळणाऱ्यांना हे नवीन नाही काका. पहिला बॉस नेहमी दिसायला सगळ्यात भयंकर असतो, अंगावर काटे, डोळ्यांतून आग, आणि तीन-चारदा मेल्यावर आपल्या लक्षात येतं की हा फक्त बटणं शिकवायला ठेवलाय. शेवटचा बॉस बऱ्याचदा साध्या माणसासारखा दिसतो.

रापणकार

टीव्ही मालिकांत मात्र उलटं. तिकडे पहिल्या आठवड्यातली जाऊबाई पंधराशेव्या भागातही कपाळावर तेवढीच मोठी टिकली लावून उभी असते. तिचा विष्णू कोणीतरी पाठवा रे.

बखरवाचक

पाणंद यांचा मुद्दा इतिहासाला लावून बघतो.

चौथीच्या पुस्तकातून आपल्या डोक्यात बसलेला सगळ्यात मोठा शत्रू कोण? अफझलखान. पोवाड्यात तो, किल्ल्याच्या देखाव्यात तो, गणपतीच्या सजावटीत तो. पण तारीख बघा. 10 नोव्हेंबर 1659. महाराजांचं वय 29. राज्याभिषेकाला अजून साडेचौदा वर्षं आहेत. सिद्दी जौहर, शाहिस्तेखान, मिर्झाराजे, आग्रा, सगळं पुढे वाढून ठेवलेलं. पुरंदरच्या तहात 1665 ला तेवीस किल्ले द्यावे लागले, ते खानाला नव्हे. वेढ्याबरोबर बोलणीही जाणणारा राजपूत सरदार खानापेक्षा जड गेला. (पाणंदच्या जालंधरासारखा, शुद्ध भाषेत बोलणारा.)

पत्त्याचंही जुळतं. खान पडल्यावर अठरा दिवसांत पन्हाळा घेतला. त्याच पन्हाळ्याला पुढच्या वर्षी सिद्दी जौहराचा वेढा पडला आणि जौहराबरोबर कोण होता? खानाचा मुलगा, फाजलखान.

आता आपल्या किनाऱ्याशी संबंध. खानाची गलबतं दाभोळला होती. ती ताब्यात घ्यायला महाराजांची माणसं आली तेव्हा गलबतं राजापूरला निसटली, आणि माणसं मागोमाग राजापुरात. तिथे इंग्रजांची वखार. तिथून जे वाकडं सुरू झालं ते वाढत गेलं. वखारवाल्यांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात जौहराला तोफांची मदत केली आणि 1661 मध्ये महाराजांनी राजापूर लुटून इंग्रजांना कैदेत टाकलं. जावळीत मेलेल्या माणसाचं शेपूट राजापूरच्या खाडीपर्यंत वळवळत आलं.

आणि जो कुणाच्याच बालपणीच्या सोंगात नाही, तो जंजिरा? महाराजांना मिळाला नाही, संभाजीराजांना नाही, पुढे कुणालाच जिंकता आला नाही. 1948 ला संस्थान विलीन झालं तेव्हा गेला. मुरुडच्या किनाऱ्यावर उभं राहून तो किल्ला बघताना मला दर वेळी वाटतं, आपण वाघनखं एवढी घोकली, त्याच्या पावपटही या भिंतीकडे बघितलं नाही.

रापणकार

बखरवाचक, मान्य, पण 'सुरुवातीला मेला' म्हणून खानाचा धोका लहान होता असं कुणी वाचू नये. तेव्हा हरले असते तर पुढचं काहीच नव्हतं. नंतरच्या माणसाला माहीत असतं की ही सुरुवात होती, प्रतापगडावर असलेल्यांना ते माहीत नव्हतं.

बखरवाचक

अर्थात. म्हणूनच तर 'वाटणारा मुख्य शत्रू'. त्या दिवशी तो मुख्यच होता.

गुहागरी_सुपारी

सिंधुदुर्गवाल्यांनो, तुम्ही आमच्या संकासुराला मारता याचा आधी निषेध.

आमच्याकडे रत्नागिरीच्या उत्तरेला, गुहागर-दापोलीच्या पट्ट्यात, संकासूर शिमग्यात खेळ्यांबरोबर, म्हणजे नाचत-गात फिरणाऱ्या मंडळींबरोबर, येतो. काळा वेष, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. तो मरतबिरत नाही. दारोदार फिरतो, नाचतो, पोरांच्या मागे धावतो. वळणावरून घुंगरं वाजली की आम्ही माळ्यावर. आणि गंमत अशी, की ज्याच्या भीतीने चार वर्षांचं पोर माळ्यावर चढतं, त्याच्याच हातात आई तान्हं मूल देते, दृष्ट लागू नये म्हणून. त्याच्या पाया पडतात. माझी आई नवस बोलली होती त्याला.

तर आमच्या संकासुराने कुणाचा पत्ता लिहून ठेवला? कुणाचाच नाही. तो दर वर्षी आपला स्वतःचाच परत येतो.

कातळावरचा

मलाही तेच विचारायचं होतं. पाणंद, तुमचा सिद्धांत कंसाला, खानाला, खर-दूषणांना लागतो. चौदा हजार राक्षस दंडकारण्यात पडतात आणि मग अकंपन आणि शूर्पणखा लंकेत जाऊन रावणाला उठवतात. हिरण्याक्ष मरतो म्हणून हिरण्यकशिपू तपाला बसतो. हे सगळं बरोबर. पण ज्याच्यावरून धागा काढलात त्यालाच तो लागत नाही! संकासूर मरतो आणि आख्यान सुरू होतं ते भलत्याच कथेचं. आज जालंधर, उद्या कीचक, परवा आणखी कोणी. त्यांना संकासुराशी देणंघेणं नाही. मग तो आधी का मरतो?

पाणंद

पकडलंत. इतकी वर्षं मनात घोळवत होतो आणि हे लक्षात आलं नाही. सिद्धांत अर्धा मागे घेतो. दशावताराचं कारण वेगळं असणार. कुणी नाटकवाला आहे का इथे?

अबोली

नाटकवाला येईपर्यंत एक भर घालते. देणंघेणं अगदीच नाही असं नाही. कार्तिक महिन्यात आमची सासू कार्तिक माहात्म्य वाचायची. पद्मपुराणातलं. त्यात हा शंखासूर, म्हणजेच आपला संकासूर, येतो आणि त्याची ओळख एका शब्दात, सागरात्मज. समुद्राचा मुलगा. वेद पळवतो, कार्तिकी एकादशीला विष्णू झोपेतून उठतो आणि मत्स्यरूपाने त्याला मारतो. त्याच माहात्म्यात पुढे जालंधराची कथा आहे, वृंदेची, तुळशीची. आणि जालंधर कुणाचा? तोही समुद्राचाच मुलगा.

म्हणजे पाणंदने पाचवीत एका रात्री बघितलेले दोघे सख्खे भाऊ निघाले. थोरला लगेच मरतो. धाकटा शिवाच्या हातून मरावा म्हणून विष्णूला काय करावं लागतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. युद्धाने तो मरत नाही. वृंदेचं पातिव्रत्य मोडावं लागतं, तेही जालंधराचं रूप घेऊन, आणि देवाला त्याबद्दल शाप मिळतो. दर तुळशीच्या लग्नाला आपण तो हिशेब चुकता करतो. पहिल्या राक्षसाला मारताना देवाचे हात स्वच्छ असतात. दुसऱ्याला मारताना राहत नाहीत.

चुलीवरची_पेज

अबोलीताई, शेवटची दोन वाक्यं वहीत लिहून घेतली.

आमच्याकडे दिवाळीच्या पहाटे नरकासुर. सावंतवाडीला पोरं रात्रभर पुतळा नाचवतात आणि उजाडायच्या आत जाळतात. आमचं घरचं प्रकरण साधं. आंघोळ करून तुळशीपुढे उभं राहायचं, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट (छोटं कडू फळ) चिरडायचं, 'गोविंदा गोविंदा' ओरडायचं आणि आत फोव (पोहे) खायला पळायचं. राक्षस पहाटे पाचला संपलेला, सण अजून सुरू व्हायचाय. कारटाचा कडू रस जिभेला लावायची पद्धत आहे, त्यावर गुळाचे फोव कसले लागतात!

काळो_झगो

पाणंद यांनी हाक मारली म्हणून लिहितंय. मी चौदा वर्सां संकासूर करतंय. कंपनीचा नाव सांगणार नाही. मालवणी-मराठी मिसळ होतली, सांभाळून घ्या.

संकासूर आधी कित्याक मरता? पुराण बाजूक ठेवा. नाटक उभा रवता तेव्हा अर्धी लोका खाज्याच्या दुकानार, अर्धी देवळात ओटी भरूक, पोरा फुगे घेवन धावतत. गणपती येता, शारदा येता, कोण बघता? माका बाहेर सोडतत तो लोकांका बसवक. मी येतंय, ह्याच्यार त्याच्यार बोलतंय, लोक जवळ सरकतत, हसतत, बसतत. बसले की माझा काम झाला. मग विष्णू येता आणि माका मारता. माझ्या नंतर जो राजा येता त्याका बसलेलो, गप झालेलो मांड (नाटकाची जागा, लोकांसकट) मिळता. त्याच्या शुद्ध भाषेक तो मांड लागता. माझ्या भाषेक नाय लागणा.

संकासुराक लिवलेला काय नसता. आमच्याकडे कुणाकच नसता म्हणा, पण राजपार्टाक (राजाचो पार्ट करणाऱ्याक) कथा तरी असता. मी दुपारी गावात उतरलंय की पयलो चायच्या टपरीर. कोणाची विहीर आटली, कोणाचो आंबो कोणाच्या कुंपणात गेलो, रस्त्याचो ठेको कोणाक. तासभर गप आयकतंय. रात्री ताच बाहेर काढतंय. लोकांका वाटता ह्याका कसा कळला! पण एक पथ्य, ज्याच्या घरात त्या वर्षी दुःख झाला त्याचो विषय काढूचो नाय. तेवढा टपरीवाल्याक आधी विचारून घेतंय.

आता तुमच्या भीतीबद्दल. त्या फडक्यातून माका नीट दिसत नाय. ट्यूबलाइट चांदण्यासारखी फुटता, माणसा नुसती सावली. श्वासान फडका भिजता आणि जीभ हनुवटीक चिकटता. पोरगा रडला की आवाजावरून कळता खंय बसलाहा, मग त्या बाजूक मुद्दाम जात नाय.

आणि एक गोष्ट तुमका कोणी सांगितली नसतली. आमची माणसा थोडी, संकासूर मेलो म्हणान मी घराक जाणंय नाय. आख्यानात माका प्रधान नायतर दुसरो राक्षस असता. रंग लावक वेळ मिळणा नाय म्हणान मी आधीच रंगून बसतंय आणि वरसून फडका घालतंय. म्हणजे तुमी संकासूर बघतास तेव्हा आत पुढचो तयार असता. नाटक संपल्यार फडका उलटा केला की आतल्या बाजून माझा तोंड उमटलेला दिसता, पांढरा-लाल, भुवयेसकट. बायल म्हणता, धुवक टाकतास तेव्हा आधी सांगा, माका भियाक होता.

पाणंद

काळो_झगो, हे वाचून खुर्चीतून उठलो आणि जरा गॅलरीत जाऊन आलो. माझा सिद्धांत पूर्ण मागे. पत्ताबित्ता काही नाही, पुढचा आतच बसलेला होता.

एक विचारतो. आमच्या गावचा जालंधर बुटका होता, उजव्या हाताला जरासं हिसकून बोलायचा. संकासूरही तसाच उजवा हात हिसकायचा का, हे आठवायचा प्रयत्न करतोय तासभर. आठवत नाही.

रापणकार

बुटका असेल तर शक्य आहे. फडक्याखाली उंची लपत नाही.

कातळावरचा

ते राहू द्या. हल्ली कमिट्या आडदशावतार कापायला लागल्यात त्याबद्दल कोणी बोलणार आहे का? आमच्याकडे गेल्या वर्षी गणपती झाला, संकासूर दहा मिनिटं, की लगेच ट्रिकसीनवालं आख्यान. धूर काय, आगीचा साप काय. पोरं मोबाइलवर शूटिंग करून निघून गेली. राक्षस आला तेव्हा मांड अर्धा रिकामा. काळो_झगो म्हणतात तेच, बसवणाराच काढून टाकला तर बसणार कोण?

काळो_झगो

धा मिनिटांत माका फक्त मरूक जमता.

गुहागरी_सुपारी

😂 तुम्ही शिमग्याला आमच्याकडे या. मारणार नाही. नारळ देऊ.

पाणंद

यंदा रजा टाकलीय. मुलगी सात वर्षांची आहे, तिला पहिल्यांदाच नेतोय. आजी आता नाही, त्यामुळे झोप म्हणून सांगायचं काम माझ्याकडे. सांगू की नको ते ठरत नाही. काळो_झगो, तुमची कंपनी आमच्या बाजूला असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, येऊ बघायला. मुंबईहून निघायचं म्हणजे घाटात, हायवेवर किती वेळ जाईल सांगता येत नाही, पोचायला बारा-साडेबारा होतील.

काळो_झगो

व्यनि केलंय. चेडवाक घेवन येवा, पण बाराच्या आत येवा. साडेबाराक इलास तर मी मेललो असतलंय.